विकिपीडियावर नवीन आलेली मुलं परत का येत नाहीत?

तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचा प्रश्न आहे. गेल्या वर्षी मराठी भाषा गौरव दिनाला त्यांनी कॉलेजात मराठी विकिपीडियाची कार्यशाळा घेतली. चाळीस मुलं बसली. काहींची खातीच उघडेनात. ज्यांनी लिहिलं त्यांची बरीचशी पानं संध्याकाळपर्यंत काढली गेली. वर्ष झालं, एकही मूल पुन्हा तिकडे फिरकलं नाही. सर विचारतात, नव्या माणसाशी तिथे असं का वागतात, आणि यंदा कार्यशाळा घ्यावी की नाही?

सर, कार्यशाळा जरूर घ्या, फक्त गेल्या वर्षीसारखी घेऊ नका. मुलांना चिकाटी नाही असं समजू नका, आणि ज्याने ती पानं काढली तोही खडूस आहे असं मनात धरू नका. मी दोन्हीकडे उभी राहिले आहे. सतरा वर्षं मराठी विकिपीडियावर लिहिते आहे, त्यातली काही वर्षं प्रचालक, म्हणजे पानं काढण्याचे आणि खाती अडवण्याचे अधिकार असलेली सदस्य, होते, आणि बराच काळ माझं मुख्य काम नव्या पानांवर नजर ठेवण्याचं होतं. आम्ही त्याला गस्त म्हणतो.

ही गस्त कशी चालते ते आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. रात्री जेवणं आटोपली की 'अलीकडील बदल' हे पान उघडायचं. ओळीखाली ओळ असते: वेळ, लेखाचं नाव, मजकूर किती वाढला किंवा घटला त्याचा हिरवा-लाल आकडा, आणि लिहिणाऱ्याचं नाव. जुन्या सदस्यांची नावं बहुतेक निळी दिसतात. नव्या माणसाचं नाव लाल असतं, कारण त्याने स्वतःचं सदस्यपान अजून तयार केलेलं नसतं. गस्त घालणाऱ्याची नजर आपसूक लाल नावावर जाते. आणि त्या लाल नावांमागे काय काय निघतं? कर्जाची जाहिरात आणि खाली मोबाइल नंबर. वर्गमित्राची टवाळी. एखाद्या जातीबद्दल गलिच्छ शिवी. नटाच्या पानावरचा अख्खा मजकूर पुसून नुसतं 'हाय'. नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा मजकूर, बिरुदांसकट. आणि यांच्याच मध्ये कुठेतरी तुमची विद्यार्थिनी असते, जिने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गावाबद्दल चार ओळी जाहीरपणे लिहिल्या आहेत.

पडद्यावर हे सगळे सारखेच लाल. शिवाय तास-दोन तासांत शंभर ओळी बघायच्या असतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. आज लेखांची संख्या लाखाच्या आसपास आहे, आणि रोज नेमाने गस्त घालणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. कोणालाही पगार नाही. दिवसभर नोकरी-घर सांभाळून आलेला माणूस एका नव्या पानाला किती सेकंद देणार? तो दोन ओळी वाचतो, संदर्भ दिसत नाही, 'सर्वांनी अवश्य भेट द्यावी' असं वाक्य दिसतं, आणि तो जाहिरात समजून पान काढतो. तुमच्या मुलांचं बहुधा हेच झालं.

मी स्वतः हे केलेलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला अधिकार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका गावात कार्यशाळा घेत होते. चहाच्या वेळी एक शिक्षिका जवळ आल्या. म्हणाल्या, "मी पूर्वी एकदा लिहिलं होतं हो तिथे. आमच्या गावच्या बारवेवर. पण ते बसलं नाही बहुतेक." 'बसलं नाही' हा त्यांचा शब्द अजून माझ्या कानात आहे. जणू चूक त्यांचीच. मी रात्री घरी येऊन काढलेल्या पानांची नोंदवही उघडली. पान सापडलं. दुपारी ४ वाजून १२ मिनिटांनी तयार झालेलं, ४ वाजून २१ मिनिटांनी काढलेलं. काढणारीच्या जागी माझं नाव.

प्रचालकाला काढलेल्या पानाची जुनी आवृत्ती बघता येते. मी ती वाचली. पहिल्या ओळीत गावाचं नाव आणि बारव कुठे आहे ते. दुसरीत, 'बारवेला चारही बाजूंनी पायऱ्या असून पूर्वेच्या देवकोष्टकात मूर्ती नाही.' तिसरीत, 'ही बारव अतिशय सुंदर असून सर्वांनी एकदा अवश्य भेट द्यावी.' माझी नजर त्या दिवशी तिसऱ्या ओळीवर अडकली असणार. दुसरी ओळ मी वाचलीच नव्हती. रिकाम्या देवकोष्टकाची नोंद करणारं माणूस जाहिरात करत नसतं. त्या बाई बारवेत उतरून, निरखून आल्या होत्या. आणि पुढचा मजकूर त्या वहीतून उतरवत होत्या, तुकड्यातुकड्याने जतन करत, कारण घरची वीज जायची. माझ्या नऊ मिनिटांत त्यांचा तिसरा परिच्छेद कागदावरच राहिला.

मग मी त्यांचं चर्चापान, म्हणजे इतर सदस्य त्यांना संदेश लिहितात ते पान, बघितलं. वर स्वागताचा तयार साचा, आणि खाली माझा संदेश: 'आपण तयार केलेले पान विश्वकोशीय उल्लेखनीयतेच्या निकषांत बसत नसल्याने काढून टाकण्यात आले आहे. कृपया धोरणांचा अभ्यास करावा.' एवढंच. दोन्ही मजकूर आधीच लिहून ठेवलेले, दोन्हींत त्यांच्या बारवेचं नावही नाही. म्हणजे त्या बाईंशी तिथे कोणी माणूस बोललाच नव्हता.

मी पान परत आणलं, त्यांना कळवलं, आणि त्या दिवसापासून माझी पद्धत बदलली. आज तसंच पान समोर आलं तर मी असं लिहिते: 'नमस्कार, बारवेचा लेख वाचला. देवकोष्टकाचं निरीक्षण फार चांगलं आहे. "अवश्य भेट द्यावी" हे वाक्य मी काढलं, कारण ज्ञानकोशात आपण वाचकाला सल्ला देत नाही, फक्त माहिती देतो. या बारवेचा उल्लेख गॅझेटियरमध्ये, एखाद्या पुस्तकात किंवा वर्तमानपत्रात आला आहे का? तेवढा एक संदर्भ मिळाला की पान पक्कं होईल. जोडता येत नसेल तर इथेच खाली लिहा, मी जोडून देते.' हे लिहायला दीड मिनिट लागतं. नियम तोच आहे, एक अक्षर सैल केलेलं नाही. बाईंनी पुढे जिल्ह्याच्या गॅझेटियरमधला उल्लेख शोधून दिला. पान आजही आहे.

सर, माझं म्हणणं एवढंच आहे की नवा माणूस नियमांमुळे पळत नाही. नियम सगळीकडेच असतात, मुलं क्रिकेटचे नियम शिकतातच. तो पळतो ते आपण काय चुकलो हे न कळल्यामुळे, आणि विचारायला समोर कोणी नसल्यामुळे. तुमच्या चाळीस मुलांपैकी कितींच्या चर्चापानावर एखाद्या माणसाने स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहिली होती, ते एकदा बघा. मला वाटतं उत्तर शून्याच्या जवळ येईल.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला पाच तरी संपादनं करणाऱ्यांची संख्या २००७ मध्ये शिगेला पोचली आणि मग घसरत गेली. २०१३ पर्यंत त्यात एक तृतीयांशाहून जास्त घट झाली होती. सुरुवातीला अनेकांना वाटलं, सोपे विषय लिहून संपले किंवा नवे येणारेच आता कमी प्रतीचे आहेत. २०१३ मध्ये ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून दाखवलं की चांगल्या हेतूने येणाऱ्यांचं प्रमाण फारसं बदललेलं नव्हतं. त्यांचं लिखाण परतवून लावण्याचं प्रमाण मात्र वाढलं होतं, आणि ते काम अधिकाधिक प्रमाणात अर्धस्वयंचलित साधनं आणि सांगकामे, म्हणजे आपोआप संपादन करणाऱ्या आज्ञावल्या, करू लागले होते. एक कळ दाबली की बदल उलटला, दुसरी दाबली की इशारा चिकटला. उत्पात आवरायला ही साधनं हवीच होती, त्यांच्याशिवाय तो ज्ञानकोश बुडाला असता. पण साधन उत्पाती आणि नवखा यांत फरक करत नव्हतं, आणि चांगल्या हेतूने आलेला ज्याचा पहिलाच बदल असा परतवला गेला तो टिकण्याची शक्यता कमी होत गेली. 'नवागतांना चावू नका' ही मार्गदर्शक सूचना तिथे कितीतरी आधीपासून लिहिलेली होती. पण रात्री शंभर ओळी बघणाऱ्याचा हात सूचनेकडे जात नाही, कळीकडे जातो.

त्यावर उपाय म्हणून २०१२ च्या फेब्रुवारीत तिथे 'टीहाऊस' सुरू झालं. नव्यांनी कोणताही प्रश्न विचारावा, जुन्यांनी साध्या भाषेत, नियमांच्या लघुनावांचा मारा न करता उत्तर द्यावं, अशी जागा. मराठी विकिपीडियावरची चावडी, म्हणजे सगळ्यांनी चर्चा करायचं पान, त्याचाच हा प्रकार, फक्त खास नव्यांसाठी. पुढे बऱ्याच भाषांतल्या विकिपीडियांवर नव्या खात्याला एक मार्गदर्शक नेमून देण्याची आणि सोपी कामं सुचवण्याची सोय आली. सोय चांगलीच आहे. पण मार्गदर्शकाच्या यादीत नाव असलेला माणूस सहा महिने तिकडे आलाच नसेल तर नव्याने विचारलेला प्रश्न तसाच पडून राहतो, आणि न मिळालेलं उत्तर हे कोरड्या उत्तरापेक्षा जास्त लागतं. छोट्या विकीने यादीत तीनच नावं ठेवावीत, पण ती जागी असलेली.

नियम पाळूनही चूक कशी होते याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण डॉना स्ट्रिकलंड यांचं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या या भौतिकशास्त्रज्ञ. मे २०१८ मध्ये त्यांच्यावरचा लेखाचा कच्चा मसुदा इंग्रजी विकिपीडियावर नाकारला गेला, कारण दिलेल्या संदर्भांवरून त्यांची उल्लेखनीयता, म्हणजे ज्ञानकोशात लेख असण्याइतकं महत्त्व, दिसत नव्हती. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल जाहीर झालं. ५५ वर्षांत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. नाकारणाऱ्याने नियम मोडला नव्हता. संदर्भ खरोखरच अपुरे होते. पण 'संदर्भ अपुरे आहेत' हा शिक्का आणि 'चला, आपण दोघं मिळून एक संदर्भ शोधू' हे वाक्य यांत जे अंतर आहे, त्यात एक लेख चार महिने अडकून पडला.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ही तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची, कारण ती पुण्यातच घडली आहे. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने भारतातल्या शिक्षण कार्यक्रमाचा पहिला प्रयोग पुण्यातल्या काही महाविद्यालयांत केला. शेकडो विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लिहायचं होतं. हेतू उत्तम. पण मुलांनी पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उचलून टाकला, कारण आपल्याकडे 'प्रकल्प' म्हणजे तेच असतं अशी शाळेपासूनची सवय. त्यांना मदत करायला नेमलेले बरेच जण स्वतःच नवखे होते. जगभरातल्या स्वयंसेवकांवर ते निस्तरण्याचा डोंगर कोसळला, काहींनी चिडून फार कडवट लिहिलं, आणि त्या वर्षअखेरीच्या आतच तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. मुलं दुखावली, स्वयंसेवकही दुखावले. मी त्या वेळी तशी नवीनच होते आणि दोन्ही बाजूंचं लिहिलेलं वाचत बसले होते. दारात एकदम वरात आणून उभी केली तर आतला यजमान कितीही प्रेमळ असो, तो आधी दार लावून घेतो. म्हणून कार्यशाळा घेणाऱ्यावर जबाबदारी मोठी आहे. नव्यांना सांभाळायला आत किती माणसं आहेत हे विचारल्याशिवाय चाळीस मुलं एका दुपारी पाठवू नयेत.

मराठीचे स्वतःचे असे दोन काटे आहेत, ते सांगते, कारण बाहेरच्या कुठल्या अभ्यासात ते सापडणार नाहीत.

पहिला, आदरार्थाचा. नवीन आलेला मराठी माणूस फार वेळा पहिला बदल कोणता करतो? एखाद्या थोर माणसाच्या पानावर 'जन्मला'चं 'जन्मले' करतो, नावाआधी बिरुद लावतो, नावानंतर 'जी' किंवा 'साहेब'. ज्ञानकोशाच्या रूढ शैलीत बिरुदं टाळतात, म्हणून जुना सदस्य ते उलटवतो. नव्याच्या मनात काय होतं बघा. त्याला वाटतं, आपल्या दैवताचा अपमान केला. तो पुन्हा लावतो, पुन्हा उलटवलं जातं, तिसऱ्यांदा तो शिवी देतो, आणि मग 'बघा, उत्पातीच होता' म्हणून त्याचं खातं अडवलं जातं. मी अशी कित्येक भांडणं उलगडून पाहिली आहेत. बहुतेकांत पहिला बदल भक्तीने केलेला असतो, द्वेषाने नाही. तिथे पहिल्याच खेपेला, उलटवायच्या आधी, कारण सांगायला हवं: ही शैली सगळ्यांना सारखी लागू आहे, शास्त्रज्ञाला, संताला, राजकारण्याला, यात कोणाला कमी लेखणं नाही. काही जण तरीही ऐकत नाहीत. पण बरेच ऐकतात, आणि त्यातले दोघं-तिघं पुढे फार चांगले संपादक झालेले मी बघितले आहेत. खरं तर आदरार्थी बहुवचनाबद्दल नव्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. आपली भाषाच तशी आहे. चावडीवर या विषयाची चर्चा पुन्हा पुन्हा उकरली जाते ती उगाच नाही.

दुसरा काटा शुद्धलेखनाचा. हा मला जास्त लागतो. मुलगा लिहितो, 'आमच्या गावात पाण्याची टाकि आहे'. त्याला पहिला संदेश जातो तो ऱ्हस्व-दीर्घाचा. वऱ्हाडातून, कोकणातून, खानदेशातून आलेल्या, घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाला आधीच प्रमाण मराठीचा धाक असतो. शाळेत लाल शाईने तो धाक पुरेसा बसवलेला असतो. इथेही तेच निघालं तर तो परत का यावा? माझा स्वतःपुरता नियम असा: वेलांटी मी गुपचूप दुरुस्त करते, आणि पहिल्या संदेशात शुद्धलेखनाचा शब्दही काढत नाही. त्याने टाकीची क्षमता आणि बांधल्याचं साल ग्रामपंचायतीच्या फलकावरून लिहिलं असेल तर मी त्याबद्दल बोलते. वेलांटी कोणीही लावू शकतं. ती टाकी बघून आलेला माणूस तोच एक आहे.

म्हणून सगळं सैल सोडावं असं मी म्हणत नाही. तीन ठिकाणी मी नव्यालाही सूट देत नाही, आणि तुम्हीही मुलांना हे आधीच सांगा.

एक, जिवंत माणसाबद्दलचा बिनपुराव्याचा मजकूर. २००५ मध्ये अमेरिकी पत्रकार जॉन सिगेनथेलर यांच्या पानावर कोणीतरी गंमत म्हणून लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. ते धादांत खोटं होतं, आणि चार महिने तसंच राहिलं. त्या प्रकरणानंतर त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने खातं न उघडता नवीन पान तयार करण्याची मुभा काढून घेतली. आज तिथे थेट लेख तयार करायलाही खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं केलेलं असावं लागतं. तुमच्या गावातल्या सरपंचाबद्दल, मास्तरांबद्दल मुलाने रागाने लिहिलेलं वाक्य त्या माणसाचं आयुष्य नासवू शकतं. ते त्या क्षणी जायला हवं, समजावणं मागाहून.

दोन, उचललेला मजकूर. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं प्रताधिकार राहतो. वर्तमानपत्रातली बातमी, पाठ्यपुस्तक, दुसऱ्याचं संकेतस्थळ, यातलं काहीही जसंच्या तसं टाकता येत नाही, खाली नाव लिहिलं तरी नाही. मुलांना एकच युक्ती शिकवा: वाचा, पुस्तक मिटा, मग आपल्या शब्दांत लिहा, आणि पुन्हा उघडून आकडे तपासा. हल्ली मुलं यंत्राकडून अख्खा लेख लिहून घेतात. त्यातले संदर्भ शोधायला गेलं तर ते पुस्तकच कुठे नसतं. अशा लेखाला मीही दया दाखवत नाही, पण मुलाला विचारते, 'तुला स्वतःला यातलं काय माहीत आहे?' बऱ्याचदा त्याला चार ओळींपुरतं पक्कं माहीत असतं. त्या चार ओळी ठेवतो.

तीन, स्वतःची, स्वतःच्या संस्थेची जाहिरात. यात कॉलेजही आलं, सर. तुमच्या कॉलेजवरचं पान मुलांकडून लिहून घेऊ नका.

खातं अडवण्याबद्दल एक गोष्ट गस्त घालणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींसाठी लिहून ठेवते, कारण हे उत्तर तेही वाचतील. मोबाइल कंपन्यांचा एकेक अंकपत्ता (आयपी ॲड्रेस) हजारो लोक आलटून पालटून वापरतात. एका शिवराळ पोराला थांबवायला अशा अंकपत्त्यांचा अख्खा पट्टा महिनाभर अडवला की त्यामागे किती होतकरू माणसांचं दार बंद झालं याची नोंद कुठेच होत नाही. शक्यतो खातं अडवा, पट्टा नको, आणि पट्टाच लागला तर मुदत तासांत मोजा.

आता तुमची कार्यशाळा. तुमच्याकडे काहींची खाती उघडली नाहीत त्याचं कारण बहुधा अगदी साधं होतं: एका अंकपत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. कॉलेजच्या वाय-फायवर सातव्या मुलाला नकार येतो, आणि त्याला वाटतं विकिपीडियाने आपल्याला हाकललं. मुलांना आठवडाभर आधी घरून, आपापल्या मोबाइलवरून खाती उघडायला सांगा. खात्याचं नाव म्हणून स्वतःचं पूर्ण नाव किंवा हजेरी क्रमांक नको. आधी उघडलेल्या खात्याचा आणखी एक फायदा असा की अगदी कोऱ्या खात्याने संदर्भ म्हणून दुवा जोडला की इंग्रजी अक्षरं ओळखून टंकायची पडताळणी समोर येते, आणि मराठी कळफलक चालू ठेवून ती भरणारी मुलं तिथेच हताश होतात. काही दिवस जुन्या खात्याला हा त्रास सहसा होत नाही. संगणक कक्षात मराठी टंकायला वेगळं काही बसवावं लागत नाही. विकिपीडियाच्या चौकटीत कंट्रोल आणि एम दाबलं की मराठी चालू-बंद होतं.

पहिलं काम म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या सदस्यपानावर दोन ओळी लिहाव्यात: मी अमुक विषयाचा विद्यार्थी, मला अमुक गोष्टींवर लिहायला आवडेल. फोन नंबर, पत्ता नको. या दोन ओळींनी नाव लालचं निळं होतं, आणि रात्री गस्त घालणाऱ्याला त्या नावामागे एक मूल आहे हे कळतं. मला तरी याने फार फरक पडतो.

त्या दिवशी नवीन पान कोणीच तयार करू नये. आपापल्या गावाचं किंवा तालुक्याचं पान बहुतेक आधीपासून आहे, दोन-तीन ओळींचं. ते उघडावं. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतून लोकसंख्या, गॅझेटियरमधून एक वाक्य, नदी कोणती, बाजार कुठल्या वारी, आणि प्रत्येक वाक्याला संदर्भ. ज्याला लिहायचा धीर होत नाही त्याने स्वतः काढलेला फोटो चढवावा. वेशीचा, पाराचा, बारवेचा. इंटरनेटवरून घेतलेला नव्हे. ज्यांना नवं पानच लिहायचंय त्यांनी ते धूळपाटीवर लिहावं, तिथे वाटेल तितक्या चुका करायची मोकळीक आहे, आणि चार-सहा दिवसांनी कोणाला तरी दाखवून मग हलवावं. चाळीसऐवजी पंधरा मुलं घ्या. बाकीची पुढच्या महिन्यात. दुपारी तीन तासांत पंधरा मुलांनी प्रत्येकी दोन चांगली वाक्यं जोडली तर ती दुपार मी यशस्वी म्हणेन.

आणि सगळ्यात आधी, निदान आठवडाभर आधी, चावडीवर चार ओळी लिहा: तारीख, वेळ, किती मुलं, कुठल्या पानांवर काम करणार, आणि तुमचं स्वतःचं खातं कोणतं. सही म्हणून शेवटी चार नागमोडी चिन्हं (~~~~) टाका म्हणजे नाव आणि वेळ आपोआप उमटते. खाली 'त्या दुपारी कोणी सोबत बसेल का?' असंही विचारा. दोघं तरी हो म्हणतील. त्यातली एक मी असेन. तीन ते सहा मी 'अलीकडील बदल' उघडून बसते आणि तुमच्या प्रत्येक मुलाच्या चर्चापानावर त्याने काय लिहिलं ते वाचून एक ओळ लिहिते. गेल्या वर्षीच्या ज्या पानांची नावं आठवत असतील तीही तिथेच कळवा. उचललेला मजकूर नसेल तर प्रचालकांना सांगून एकेक परत आणून बघू. तुमच्या जुन्या मुलांपैकी कोणी अजून संपर्कात असेल तर त्याला विचारा, पानाचं नाव त्यालाच पक्कं आठवत असेल.